स्थळ

२०२५ च्या जूनमध्ये माझी ताई पहिल्यांदाच आमच्या घरी, श्रूजबरीला आली. मी या देशात आले १९८३ साली, म्हणजे ताईला इथे यायला बेचाळीस वर्षं लागली. कारणं सगळी खरी होती. आधी मुलं लहान, मग सासूबाईंचं दुखणं, मग तासगावची द्राक्षबाग, आणि नंतरची नऊ वर्षं आमची आई. आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली तेव्हा ताईने तिला सांगलीहून आपल्या घरी नेलं आणि शेवटपर्यंत सांभाळलं. मी दर महिन्याला पैसे पाठवत असे. २०१४ साली आई गेली तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचले. आपल्यापैकी पुष्कळांना या तिसऱ्या दिवसाबद्दल जास्त सांगायला नको.

ताई येणार म्हणून मी घर आवरलं, पाहुण्यांच्या खोलीत नवे पडदे लावले आणि एक पाकीट तयार करून कपाटात ठेवलं. सांगलीचं घर बाबांनी आम्हा दोघींच्या नावावर ठेवलेलं आहे. माझा निम्मा हिस्सा ताईला देण्याच्या हक्कसोडपत्राचा मसुदा मी तिथल्या वकिलांकडून मागवून घेतला होता. योग्य वेळ बघून तो तिच्या हातात ठेवायचा, असा माझा बेत होता. तो का होता, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल, आणि त्यात थोडं माझ्या नोकरीबद्दलही येईल.

आमचं श्रूजबरी तसं शास्त्राला नवीन गाव नाही. ग्रेगरी पिंकस आणि मिन चुए चँग यांनी संततिनियमनाच्या गोळीमागचं मूळ संशोधन १९५० च्या दशकात इथल्याच वूस्टर फाउंडेशनमध्ये केलं. पण माझा संबंध आला तो तलावापलीकडच्या शास्त्राशी. रूट नऊवरून क्विन्सिगामंड तलावाचा पूल ओलांडला की वूस्टर लागतं आणि लगेच मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचं मेडिकल स्कूल. १९९६ साली धाकटा शाळेत जायला लागला आणि मी तिथे एका प्रयोगशाळेत नोकरी धरली. विलिंग्डन कॉलेजची झूऑलॉजीची बी.एस्सी. पंधरा वर्षं ट्रंकेत पडून होती, ती अशी उपयोगाला आली.

काम म्हणजे मुख्यतः स्वयंपाकच! आगर शिजवायचं, काचेसारख्या पारदर्शक ताटल्यांत ओतायचं, थिजलं की वर जिवाणूंच्या पाण्याचा एक थेंब पसरायचा. हे जेवण कुणासाठी, तर सी. एलेगन्स नावाच्या गोलकृमींसाठी. लांबी जेमतेम एक मिलिमीटर, अंग आरपार दिसणारं, मुक्काम कुजक्या फळांत नि पालापाचोळ्यात, उपद्रव कुणालाच नाही. आईला पत्रातून कळवलं तर तिचं उत्तर आलं, "अमेरिकेत जाऊन जंत पाळतेस होय? लहानपणी तुम्हा दोघींना वावडिंग देऊन देऊन मी दमले!" दाजींना, म्हणजे ताईच्या यजमानांना, सूत्रकृमी हा शब्द बागायतीमुळे चांगला ठाऊक. ते म्हणाले, "आमच्या बागेत मुळांना गाठी करून बसलेत ते फुकट घेऊन जा की."

हसण्यावारी नेण्यासारखंच ते होतं, पण या कृमीची ख्याती मोठी आहे. इंग्लंडमधल्या केंब्रिजला सिडनी ब्रेनर यांनी १९६० च्या दशकात त्याला मुद्दाम निवडलं, कारण मज्जासंस्था कशी घडते हे समजून घ्यायला त्यांना लहान आणि मोजता येईल असा प्राणी हवा होता. मोजता येईल म्हणजे किती, तर पूर्ण वाढलेल्या उभयलिंगी कृमीच्या शरीरात, बीजपेशी सोडून, ९५९ पेशी. त्यांतल्या ३०२ चेतापेशी. कुठलाही कृमी घ्या, संख्या तीच. जॉन सल्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एका पेशीच्या दोन, दोनांच्या चार, अशी सगळी वंशावळ उतरवून काढली. अंड्यातल्या वाढीची पूर्ण वंशावळ १९८३ साली छापून आली. आपल्याकडे भटजींच्या चोपड्यांत घराण्याच्या पिढ्या लिहिलेल्या असतात ना, तशीच, फक्त इथे एकही नाव गाळलेलं नाही. जन्मून लगेच मरणाऱ्या १३१ पेशींचीसुद्धा त्यात नोंद आहे.

ती वंशावळ छापून आली त्याच वर्षी माझं लग्न झालं. आता ती गोष्ट सांगते.

अमेरिकेतलं स्थळ आलं होतं ते ताईसाठी. ती पंचवीस वर्षांची, मी बावीस. मुलगा अठरा दिवसांच्या रजेवर आलेला. पत्रिका जुळली होती, फोटो पसंत होता, गुरुवारी बघायला येणार होते. सोमवारी ताईला कांजिण्या आल्या. तोंडभर फोड, ताप, दाराला कडुलिंबाचा डहाळा. मुलाकडचे म्हणाले, रजा तर वाढत नाही. आमच्या आत्या म्हणाल्या, धाकटी आहे की. गुरुवारी पोहे घेऊन मी बाहेर गेले. नंतरच्या दहा दिवसांत सगळं आटोपलं. ताई माझ्या लग्नाला आली ती चेहऱ्यावर खपल्या घेऊन, मागे बसून. पुढच्या वर्षी तिचं लग्न तासगावला झालं.

या गोष्टीबद्दल आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही. ताईने विषय काढला नाही, आणि मी तर काढणारच नव्हते. पण इथे घर झालं, मुलं शिकली, मी स्वतः मिळवायला लागले, तेव्हा तेव्हा मनात यायचं, हे सगळं तिचं होतं. आणि आईच्या उशाशी ती जागत बसली ती माझ्या जागेवर.

ताई आली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी तिला प्रयोगशाळा दाखवायला नेलं. मी २०२२ साली निवृत्त झाले, पण तिथली मुलं अजून ओळख ठेवून आहेत. एका मुलीने काचपट्टीवर नुकतीच अंडी काढून ठेवली होती. ताईने चष्मा वर सरकवला आणि सूक्ष्मदर्शकात बघितलं.

"शंकरपाळी दिसतेय," ती म्हणाली.

अगदी बरोबर बोलली. चार पेशींचं भ्रूण तसंच दिसतं, लांबट चौकोनी. पुढच्या टोकाला एक पेशी, मागच्या टोकाला एक, आणि मधे वर एक, खाली एक. मी तिला सांगितलं की पुढची आणि वरची, या दोघी सख्ख्या बहिणी. एकाच पेशीच्या झालेल्या. कृमीच्या बहुतेक सगळ्या चेतापेशी या दोघींच्याच वंशात पुढे जन्माला येतात. पण दोघींची लेकरं निरनिराळी. एकीकडून अमुक चेतापेशी, दुसरीकडून तमुक.

"यातली थोरली कुठली?"

"थोरली-धाकटी नाही गं. जुळ्याच. अगदी सारख्या."

"सारख्या, मग वंश निराळे कसे?"

हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. १९८७ साली जेम्स प्रीस आणि निकोल थॉमसन यांनी एक साधी गोष्ट करून बघितली. या दोघी बहिणी जन्मत असतानाच त्यांना दाबून त्यांच्या जागांची अदलाबदल केली. पुढची ती वर आली, वरची ती पुढे गेली. आता विचित्र काहीतरी जन्माला येईल असं वाटेल. पण कृमी अगदी सुरेख जन्मला! पुढच्या जागेवर जी आली तिने पुढचीचा संसार केला, वरच्या जागेवर जी गेली तिने वरचीचा. म्हणजे कुणी कोण व्हायचं हे त्यांच्या अंगात नव्हतं, स्थळात होतं.

आणि स्थळ म्हणजे तरी काय? तर शेजार. मागच्या टोकाच्या पेशीचा स्पर्श फक्त वरच्या बहिणीला होतो, पुढचीपर्यंत तो पोचत नाही. त्या मागच्या पेशीच्या अंगावर एपीएक्स-१ नावाचा रेणू असतो, तो म्हणजे जणू बोलणारं तोंड. बहिणींच्या अंगावर जीएलपी-१ नावाचा रेणू असतो, तो म्हणजे ऐकणारा कान. कान दोघींनाही सारखेच दिलेले आहेत, पण बोलणारा शेजारी एकीलाच मिळतो. १९९४ साली हे ज्यांनी दाखवून दिलं त्यांत क्रेग मेलो होते. ते पुढे वूस्टरला आले आणि जनुकांचा आवाज बंद करण्याच्या वेगळ्याच शोधासाठी अँड्र्यू फायर यांच्याबरोबर २००६ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. त्या दिवशी आमच्या इमारतीत कुणी धड काम केलं नसेल!

या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग असा, की तोंड काय किंवा कान काय, दोन्हींच्या कृती आईकडून येतात. भ्रूणाची स्वतःची जनुकं त्या वेळी जेमतेम जागी होत असतात. आई अंडं तयार करतानाच हे निरोप आत बांधून देते, प्रवासाला निघालेल्या मुलीला डबा द्यावा तसे. डबा दोघींना एकच. आणि ही व्यवस्था काही कृमींपुरती नाही. जीएलपी-१ ज्या कुळातला आहे त्याच नॉच नावाच्या कुळातले रेणू माणसाच्या भ्रूणातही मेंदू घडताना काम करतात.

हे सगळं मी ताईला तिथे उभ्या उभ्या सांगितलं. तिने परत एकदा डोळा लावून बघितलं. तेवढ्या वेळात चाराच्या जास्त पेशी झाल्या होत्या. "मोडली शंकरपाळी," ती म्हणाली.

परत येताना पुलावर गाड्यांची रांग लागली होती. खाली तलावात मुलं लांब होड्या वल्हवत होती. ताई तिकडे बघत बघत म्हणाली, "म्हणजे कांजिण्या म्हण की."

बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. माझे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. मी काहीच बोलले नाही. ती हसली आणि म्हणाली, "तू तिकडे असतीस तर तूही आईचं केलंच असतंस. आणि मी इकडे जंत पाळले असते."

खरं सांगते, त्या क्षणी मला केवढं हलकं वाटलं! मला हवं होतं तेच ती बोलली होती. दोघी सारख्याच, जागा तेवढ्या वेगळ्या, दोष कुणाचाच नाही. इतकी वर्षं प्रयोगशाळेत त्या प्रयोगाबद्दल ऐकताना मी मनाशी हेच म्हणत आले होते. पुढे सिग्नल सुटला आणि आम्ही घरी आलो.

संध्याकाळी मी आमटी केली. ताईने चव घेतली आणि म्हणाली, "मीठ कुठाय?" आमच्याकडे रक्तदाबामुळे गेली दहा वर्षं अळणीच असतं. मिठावरून मला आणखी एक आठवलं आणि पोळ्या लाटता लाटता मी तिला ते सांगितलं. या कृमीला मिठाची चव कळते. त्यासाठी डोक्यात दोन चेतापेशी असतात, एक डावी, एक उजवी. दिसायला जोडी, पण सोडियम ओळखते ती मुख्यतः डावी, क्लोराइड ओळखते ती उजवी.

"अगं, मीठ डावीकडेच वाढायचं असतं! तुझ्या किड्यालाही कळतं ते," ताई म्हणाली.

हा डावं-उजवं फरक कुठून येतो, हे शोधताना न्यूयॉर्कच्या ऑलिव्हर होबर्ट यांच्या प्रयोगशाळेत २००३ साली एक चिमुकला आरएनए सापडला, एलएसवाय-६ नावाचा. तो डावीतच असतो, उजवीत नसतो. असले चिमुकले आरएनए असतात हेच मुळी १९९३ पर्यंत कुणाला माहीत नव्हतं. व्हिक्टर अँब्रोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कृमीत जेमतेम बावीस अक्षरांचा पहिला शोधला. तेही पुढे आमच्या वूस्टरलाच आले, आणि २०२४ सालचं नोबेल त्यांना आणि गॅरी रव्हकन यांना त्यासाठीच मिळालं.

पण डावीतच का? पुढची काही वर्षं शोध मागे मागे जात राहिला, आणि तो थेट त्या शंकरपाळीपाशी जाऊन थांबला. मिठाची डावी पेशी पुढच्या बहिणीच्या वंशातली आहे आणि उजवी वरचीच्या. वरचीला शेजाऱ्याचा निरोप आला, त्यामुळे तिच्या वंशात दोन जनुकं गप्प राहिली. पुढचीला निरोप आला नाही, म्हणून तिच्या वंशात ती बोलली, आणि बोलून त्यांनी एलएसवाय-६ च्या खोलीचं दार नुसतं किलकिलं करून ठेवलं. त्यानंतर पेशी पुन्हा पुन्हा दुभंगत जातात. त्या दोन बहिणींपासून मोजलं तर मिठाच्या पेशी नवव्या पिढीत जन्मतात. तोवर किलकिलं दार तसंच राहतं, बाहेरून काही दिसत नाही. मग एकदम डावीत ते उघडतं. काही मिनिटांच्या शेजाराचा परिणाम इतक्या उशिरा मिठाच्या चवीत दिसतो.

"आणि तेव्हा जागा बदलल्या तर?" ताईने विचारलं.

"तेव्हा उपयोग नाही. बदल चालतो तो शेजारी बोलायच्या आधी."

ताई मान हलवून गप्प बसली. जेवणं झाली, यजमान बातम्या बघायला गेले. मला वाटलं, हीच वेळ. मी कपाटातलं पाकीट आणून तिच्यापुढे ठेवलं.

तिने चष्मा लावला आणि सगळा मसुदा वाचला, सर्व्हे नंबरापासून चतुःसीमेपर्यंत. मग घडी घालून माझ्याकडे सरकवला.

"सही करून सुटायचंय तुला," ती म्हणाली.

मी म्हटलं, तसं नाही, तू एवढं केलंस, माझ्याकडून एवढं तरी.

"मी मोजलंय का कधी? पैसे पाठवलेस, औषधं पाठवलीस, सगळं वेळेवर. पण एकदा तरी विचारलंस का, ताई, तुला वाईट वाटलं होतं का? मी सांगितलं असतं. वाईट वाटलं होतं. दोन वर्षं वाटलं. मग पोरं झाली, बाग लागली, राहिलं नाही. तू विचारायची वाट बघत होते असंही नाही. पण तू फोन केलास की आईची गोळी, आईचं डायपर, पैसे मिळाले का, एवढंच. माझ्याशी बोलायला तू घाबरायचीस, ते मला कळायचं."

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. माणसं म्हणजे कृमी नव्हेत हे मला प्रयोगशाळेतल्या कुणी शिकवायला नको होतं, पण माझ्या सोयीपुरती मी ती तुलना वापरत आले होते. जागा कुणाला कुठली मिळाली यात माझा दोष नव्हता, हे खरंच आहे. कांजिण्या काही मी आणल्या नव्हत्या. पण त्या पुढच्या पेशीला आपल्या बहिणीला काही विचारायची सोय नसते. मला होती. आधी निळी एरोग्राम पत्रं होती, मग फोन होता, मग तर फोनवर तोंडही दिसायला लागलं. बेचाळीस वर्षं मी जागेबद्दल कष्टी होत राहिले, आणि जे करता येण्यासारखं होतं ते केलं नाही.

रात्री उशिरापर्यंत आम्ही बोलत बसलो. आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल मी प्रथमच नीट ऐकलं. आईला शेवटी माणसं ओळखू येत नव्हती आणि ती ताईला माझ्या नावाने हाक मारायची. ताई ओ द्यायची. हे तिने मला फोनवर कधीच सांगितलं नव्हतं.

"तेव्हा राग नाही आला?" मी विचारलं. विचारायला सुरुवात केलीच होती, म्हणून.

"आला की," ती म्हणाली. "पण आई झोपायची गं मग शांत."

ताई ऑगस्टमध्ये परत गेली. जाताना फ्रीजवर एक यादी लावून गेली आहे. सांगलीच्या घराची गच्ची गळते, मागची भिंत ओल धरते, नळाची जोडणी जुनी झाली आहे, आणि या सगळ्यासाठी चकरा ती एकटीने मारणार नाही. घर दोघींचं आहे, तेव्हा वर्षातून दोन महिने मी तिथे येऊन राहायचं, असं तिने परस्पर ठरवून टाकलं आहे. यजमानांनाही विचारलं नाही!

पाकीट अजून कपाटातच आहे. जानेवारीचं तिकीट मात्र काढलं आहे. द्राक्षं तेव्हा लागलेली असतील. गवंड्याशी ताई बोलून ठेवणार आहे. रंग कुठला द्यायचा ते मी आल्यावर बघू म्हणाली, आणि येताना मीठ कमी खायची सवय तिकडेच ठेवून ये, असंही म्हणाली.